कण्हेरीचे कुंपण

गोठ्याच्या जमिनीला किती उतार द्यावा, यावर बापूरावांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी दोरी ताणून आणि पाणसळ लावून त्यांनी दहा फुटांना अडीच इंच असा उतार काढला. मुरूम पसरून घेतला, त्यावर पाणी मारले, धुमसाने ठोकून तो घट्ट केला. मग वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतले आणि ते कोणत्या वाटेने जाते हे पाहत खुर्ची टाकून बसले. पाणी कुठेही न रेंगाळता सरळ नालीत उतरले.

"शेळ्या येणार आहेत की मंत्री?" मुक्ताबाई पायरीवरून म्हणाल्या.

"मंत्र्यांना चिखलानं काही होत नाही," बापूराव मान वर न करता पत्नीला म्हणाले. "करडांच्या खुरांना होतं."

पुण्यालगतच्या मांजरी गावच्या शिवारात आता शिवार म्हणण्यासारखे फारसे उरले नव्हते. गाव महापालिकेत गेले आणि जिथे द्राक्षांचे मांडव होते तिथे सोसायट्यांच्या कमानी उभ्या राहिल्या. नदीपलीकडच्या खराडीच्या काचेच्या इमारती सकाळच्या उन्हात इकडच्या भिंतींवर कवडसे पाडू लागल्या. त्या सगळ्याच्या मधोमध बापूरावांचे चौदा गुंठे शिल्लक होते. जमीन मागायला येणाऱ्यांना ते चहा देत, नकाशा दाखवत आणि परत पाठवत. जमिनीवर इमारत नको असेल तर तिच्यावर काहीतरी जिवंत उभे असले पाहिजे, असे त्यांचे सरळ गणित होते. म्हणून पाच संगमनेरी करडे ठरली होती. चार माद्या आणि एक नर, तीन-तीन महिन्यांची. येत्या सोमवारी टेम्पो येणार होता.

तंत्रनिकेतनातली पदविका आणि त्यानंतर हडपसरच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षे, एवढी शिदोरी घेऊन बापूराव निवृत्त झाले होते. केसाइतका फरक बोटाने ओळखणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. गावात कुणाची भिंत वाकडी आहे की नाही, विहिरीच्या मोटारीला किती ताकद लागेल, इथपासून ते कुणाच्या आजारपणाचे कारण काय असावे इथपर्यंत लोक त्यांना विचारत. "बापूराव म्हणाले म्हणजे मापात असणार," असे बोलले जाई. हे आपल्या कानावर येते, हे बापूराव कधी दाखवत नसत. पण त्यांना ते आवडत असे.

करडांसाठी त्यांनी जागेचा नकाशा काढला होता. गव्हाण जमिनीपासून किती उंच, पाण्याचे टाके कुठे, आजारी पिल्लू वेगळे ठेवायची खोली कोणत्या बाजूला, वारा कुठून येतो, सगळे त्यात होते. आवारातल्या विषारी झाडांची यादीही केली होती. धोत्रा उपटून झाला होता, घाणेरीची दोन झुडपे मुळासकट काढली होती, एरंड तोडला होता. शेवगा आणि हादगा चाऱ्यासाठी ठेवले होते. यादीतल्या प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण झाली होती.

एकच काम अडले होते. शेळ्यांची पुस्तके बापूरावांनी वाचली होती. पण शेळी हाताळलेले माणूस घरात नव्हते. मुक्ताबाई कसबा पेठेतल्या तांबटांच्या घरात वाढलेल्या. शेळी त्यांनी लांबूनच पाहिलेली. शेळ्यांतले खरे कळत होते ते थोरल्या वहिनींना, सुंदराबाईंना. बापूरावांचे थोरले भाऊ दत्तोबा तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून वहिनी मुलगा आणि सुनेबरोबर बांधापलीकडच्या जुन्या घरात राहत होत्या. दोन्ही घरांच्या मध्ये खांद्यापर्यंत वाढलेले गुलाबी कण्हेरीचे कुंपण होते.

बापूराव फाटकातून वळसा घालून तिकडे गेले. सुंदराबाई ओसरीत सुपात पावटे घेऊन सोलत बसल्या होत्या.

"वहिनी, सोमवारी करडं येतायत. नवं जनावर दारात आलं की घरातल्या थोरल्या बाईनं पायावर पाणी घालायचं, भाकरी ओवाळून टाकायची. ते तुम्हीच करायचं. आणि पुढंही जरा लक्ष ठेवाल तर बरं होईल."

सुंदराबाईंनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, साल बाजूला ठेवली.

"मला नगा सांगू, भाऊजी."

"का?"

"माझ्या हातची जनावरं जगत न्हाईत. साऱ्या गावाला ठाव हाय. पिल्लं आणताय, तर चांगल्या हाताच्या बाईला बोलवा."

"जुनं झालं ते, वहिनी."

"व्हय, जुनं झालं," त्या म्हणाल्या आणि दुसरी शेंग उचलली.

जुने होते ते असे. एकोणीस वर्षांपूर्वी बापूरावांनी या जागेत घर बांधले आणि त्याची वास्तुशांत केली. त्या काळी वहिनींच्या तीन शेळ्या होत्या. एक काळी, दोन तांबड्या; तिन्ही दुभत्या. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही मेलेल्या सापडल्या. पोटे फुगलेली होती, तोंडाला फेस होता. मांडव अजून उतरला नव्हता आणि चार माणसे जमलेलीच होती. सगळ्यांनी बापूरावांकडे पाहिले, आणि बापूरावांनी विचार करून कारण सांगितले. उरलेला भात वहिनींनी शेळ्यांना घातला होता. भात पोटात आंबतो, वायू धरतो, जनावर फुगून मरते. पातेल्यात किती भात उरला असावा, तीन शेळ्यांच्या वाट्याला किती आला असावा, हेही त्यांनी कागदावर मांडून दाखवले होते. वहिनी म्हणत होत्या, "मी मूठमूठच घातला." पण कागदावरचा आकडा मुठीपेक्षा मोठा होता, आणि लोकांनी आकड्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर वहिनींनी जनावर पाळले नाही.

बापूरावांच्या मनात त्या गोष्टीची बोच कधीच नव्हती. अज्ञानाने झालेली चूक, असे त्यांनी तिचे वर्गीकरण केले होते, आणि वहिनींना त्यावरून एका शब्दानेही टोकले नव्हते. हा आपला मोठेपणा आहे, असेही कधीकधी त्यांच्या मनात येऊन जाई.

*

शुक्रवारी जनावरांच्या डॉक्टर आल्या. ऋतिका नावाची तरुण मुलगी, पाठीवर सॅक, हातात हेल्मेट. करडे येण्याआधी जागा एकदा दाखवून घ्यावी म्हणून बापूरावांनीच बोलावले होते. त्यांनी नकाशा पुढे केला.

"वॉव, काका! हे तर आमच्या कॉलेजच्या मॉडेल फार्मपेक्षा नीट आहे," ती म्हणाली. तिने गव्हाण पाहिली, जाळी हलवून पाहिली, उतारावरून पाय फिरवला. "परफेक्ट. झाडांची लिस्ट केलीत हेही बरं केलंत. लोक तेच विसरतात."

मग ती बोलता बोलता दक्षिणेच्या बाजूला गेली आणि थांबली.

"काका, ही कण्हेर आहे ना? ही लिस्टमध्ये का नाही?"

"ते कुंपण आहे," बापूराव म्हणाले.

"कुंपण तुमच्यासाठी. करडांसाठी तो पाला आहे."

बापूरावांनी नकाशाकडे पाहिले. दक्षिणेला एक सरळ, जाड रेघ होती आणि तिच्यावर त्यांच्याच सुरेख अक्षरात 'कुंपण' असे लिहिले होते. तपासणी त्यांनी रेघेच्या आत केली होती. रेघ स्वतःच झाड आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

"पण कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर ती लावली. सगळ्या गावाला माहीत आहे."

"हिरवीगार असेल तर सहसा नाही लावत, कडू लागते. पण छाटून टाकलेली, एक-दोन दिवस सुकलेली डहाळी असली ना, तर बिनधास्त खातात. कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. मूठभर पानं पुरतात, काका. मी दोन केसेस पाहिल्यात. लाळ गळते, पोट फुगतं, कान आणि पाय गार पडतात, एका रात्रीत खेळ खलास. आणि लोक म्हणत बसतात की दाणा जास्त झाला, शिळं खाल्लं."

बापूरावांनी हातातला नकाशा गुंडाळला.

"दाणा जास्त झाला तर जनावर बहुतेक वेळा एक-दोन दिवस कण्हत काढतं," ती पुढे म्हणाली. "एकाच रात्रीत दोन-तीन जनावरं गेली तर मी आधी आजूबाजूची झाडं बघते. हे सगळं मुळापासून काढा. आणि जाळू नका हं, धूरसुद्धा वाईट. खड्डा करून पुरा." तिने हेल्मेट घातले. "काका, बरं वाटतंय ना? चेहरा असा का झाला?"

"ऊन आहे," बापूराव म्हणाले. जानेवारीची सकाळ होती.

ती गेल्यावर ते माडीवरच्या कपाटापाशी गेले. कारखान्यातली सवय म्हणून ते रोजची नोंद ठेवत आले होते. एका वर्षाला एक वही, सगळ्या वह्या सालवार लावलेल्या. दोन हजार सहाची वही काढायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

बारा मे. कुंपणाची छाटणी पूर्ण. पाला दक्षिण बांधावर टाकला.

चौदा मे. वास्तुशांत. पाने अडीचशे.

पंधरा मे. वहिनींच्या तीन शेळ्या दगावल्या. कारण: शिळा भात, अतिआहार.

तिन्ही नोंदी एकाच पानावर होत्या. अक्षर नेटके होते. कुठेही खाडाखोड नव्हती, प्रश्नचिन्ह नव्हते. बापूराव खिडकीशी उभे राहून ते पान पुन्हापुन्हा वाचत राहिले. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत तीन दिवसांचे अंतर होते आणि त्यांनी ते कधी जोडून पाहिले नव्हते. यंत्र बिघडले तर आधी आपण काल त्याला कुठे हात लावला ते पाहावे, असे ते शिकाऊ मुलांना सांगत असत.

जेवताना मुक्ताबाईंनी विचारले, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? नापास केलं की काय तुम्हाला?"

बापूरावांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. मुक्ताबाईंनी चष्मा लावून वाचले आणि तो काढून हातात धरून बसल्या.

"कुंपण काढूनच टाकायचंय," शेवटी बापूराव म्हणाले. "करडांसाठी काढलं, असं कुणालाही वाटेल. विचारणारसुद्धा नाही कुणी."

"नाही विचारणार," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुम्हाला कोण विचारतंय? तुमचं कधी काही चुकतं का!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अहो, त्या बाईनं एकोणीस वर्षं शेळीला हात लावलेला नाही. कुणाची शेळी रस्त्यात आडवी आली तर पदर सावरून बाजूला होतात. मी पाहिलंय. आणि मीही मनात म्हणत आले, की बरोबरच आहे."

*

शनिवारी सकाळी बापूराव पुन्हा वळसा घालून पलीकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्ये जुळवली होती. सुंदराबाई ओसरीतच भांड्यातले ताक पळीने ढवळत होत्या. मुलगा ऑफिसला आणि सून बाजारात गेली होती.

"वहिनी, एक सांगायचं होतं. त्या तीन शेळ्यांबद्दल." ते उभेच राहिले. "नवीन माहितीनुसार अशी शक्यता दिसते, की त्या भातानं नव्हे, तर कण्हेरीच्या पाल्यानं..."

"शक्यता म्हंजी?"

बापूरावांनी जुळवलेली वाक्ये तिथेच संपली.

"शक्यता नाही," ते म्हणाले. "मी कुंपण छाटलं होतं. पाला तुमच्या बांधावर टाकला होता. दोन दिवस उन्हात सुकला. तो तुमच्या शेळ्यांनी खाल्ला. माझ्या हातून मेल्या त्या. तुमच्या नाही."

सुंदराबाईंच्या हातातली पळी भांड्याला टेकली आणि तशीच राहिली.

"शेळ्या बांधाकडं कशापायी बांधल्या व्हत्या त्या दिशी, ठाव हाय?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुमीच सांगितलं व्हतं. पाव्हणंरावळं येणार, दारात लेंड्या नगं, वहिनी, शेळ्या तिकडं बांधाला बांधा. मी नव्या वस्त्राची घडी बी मोडली नव्हती, तशीच जाऊन बांधून आले."

हे वहीत नव्हते. बापूरावांना ते आठवतही नव्हते. पण ऐकताक्षणी ते खरे आहे हे त्यांना कळले, कारण ते वाक्य त्यांचेच होते. लेंड्यांचा उल्लेख, आणि मध्येच 'वहिनी' म्हणून लावलेला आदर, सगळे त्यांचे.

"काळी आदी पडली," सुंदराबाई सांगू लागल्या, जणू कालचीच गोष्ट. "कान धरला तर बरफ. म्या म्हटलं, पोट फुगलंय, तेल पाजावं. पाजलं. मग तांबडीचं तसंच झालं. पहाटंला तिन्ही गार. हिरव्या कण्हेरीला त्या कदी तोंड लावत नव्हत्या, म्हणून तिकडं ध्यानच गेलं न्हाई माझं. आन् तुमी कागुद घिऊन सांगाया लागला." त्या थांबल्या. "म्या मूठमूठच घातला व्हता, भाऊजी."

"हो," बापूराव म्हणाले. "मूठमूठच घातला होता."

"आता मोजलं व्हय?"

बापूराव ओसरीच्या कडेला बसले.

"तुमचं भाऊ त्या दिवसापास्नं मला जनावराला पानी बी पाजू दीनात," त्या म्हणाल्या. "बैल विकलं, तर शेवटचा घास सुदीक मला चारू दिला न्हाई. म्हणालं, तू ऱ्हाऊ दे. वाईट वाटून न्हाई म्हणालं, सरळ म्हणालं, जसं पोराला म्हणत्यात चाकूला हात लावू नगो. आन् पुढं पुढं मलाबी वाटाया लागलं, की मी मूठ म्हणते, पर मूठ नसंल. सारं पातेलंच उपडं केलं असंल, आन् मला याद नसंल. शिकलेला मानूस खोटं कशाला मोजंल?" त्यांनी पदराने तोंड पुसले. डोळे कोरडे होते. "त्यांस्नी कोन सांगनार आता?"

दत्तोबांचा फोटो आतल्या भिंतीवर होता. बापूरावांनी तिकडे पाहण्याचे टाळले.

"वहिनी, मला क्षमा करा."

"क्षमेचं ऱ्हाऊ द्या बाजूला," सुंदराबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "चार माणसांत बोलला व्हता. मांडवात हुबं ऱ्हाऊन, मोठ्या आवाजात. आन् आता पोरगं घरात न्हाई, सून घरात न्हाई, असं बघून माझ्या वसरीत येऊन हळू सांगताय? चार माणसांत बोलला, चार माणसांत सांगा. मग बघू."

*

बापूरावांना ती मागणी न्याय्य वाटली. तरीही त्या दिवशी दुपारपर्यंत ते काहीच करू शकले नाहीत. गोठ्यात जाऊन त्यांनी गव्हाणीची उंची पुन्हा मोजली, जी मोजायची गरज नव्हती. त्या मांडवातली कितीतरी माणसे आता नव्हती. जी होती, त्यांच्यासाठी बापूराव म्हणजे न चुकणारा माणूस होता. नव्या सोसायटीने पाण्याचा निचरा अडवला तेव्हा गावाने त्यांचाच कागद पुढे केला होता. एकदा हा माणूस चुकतो असे ठरले, की मागचे सगळे कागद लोक उलगडून पाहणार. पाहू देत, असे शेवटी त्यांनी ठरवले. पण ठरवायला त्यांना संध्याकाळ झाली. मग ते स्वतः घरोघर गेले आणि रविवारी सकाळी या, एवढेच सांगून आले.

रविवारी नऊ वाजता आवारात माणसे आली. तात्याराव आले, वय एक्क्याऐंशी, एके काळी गावचे सरपंच, आता कानांनी दगा दिलेला. वास्तुशांतीचा स्वयंपाक ज्यांनी सांभाळला होता ते भीमराव आले. शेजारची आणखी तीन-चार माणसे आली. सुंदराबाई आल्या, पण फाटकाच्या आत आल्या नाहीत. त्या आपल्या बाजूला, कुंपणापलीकडे उभ्या राहिल्या. कण्हेरीवरून त्यांचा फक्त चेहरा दिसत होता.

बापूराव उभे राहिले. हातात कागद नव्हता.

"एकोणीस वर्षांपूर्वी याच जागी मी सांगितलं होतं, की वहिनींच्या शेळ्या त्यांनी घातलेल्या भातानं मेल्या. ते खोटं होतं. मी छाटून टाकलेल्या कण्हेरीनं मेल्या त्या. दोष माझा होता."

"काय म्हणतायत?" तात्यारावांनी शेजाऱ्याला विचारले. "मोठ्यानं बोला की, बापूराव! तेव्हा तर चांगले मोठ्यानं बोलत होता."

कुणीतरी हसू दाबले. बापूरावांनी तेच पुन्हा, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. "वहिनींचा दोष नव्हता. माझा होता. मी न पाहता बोललो."

या वेळी कोणी हसले नाही. भीमराव खाकरले.

"एक सांगू का, बापूराव?" ते खाली पाहत म्हणाले. "तो उरलेला भात. पातेलंभर, असं तुम्ही धरलं होतं ना? तो भात मी रातीच गुरवाच्या म्हशीला घातला होता. वहिनींनी खरंच मूठ-दोन मूठ नेला होता. माझ्यासमोर."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंच नाही. आणि तुम्ही असं कागदावर मांडून दाखवत होता, मी आचारी माणूस, मधे काय बोलू? म्हटलं, शिकलेल्या माणसाला कळत असंल. म्हशीला काही झालं नव्हतं, तेपण आठवलं होतं मला. पण राहिलं."

"भीमा," कुंपणापलीकडून सुंदराबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "दर दिवाळीला माझ्या घरी फराळाला आलास तू."

भीमरावांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि ते फाटकाकडे चालू लागले. त्यांना कोणी थांबवले नाही. तात्याराव काठी टेकत उठले, कुंपणापाशी गेले आणि पलीकडे पाहून म्हणाले, "सुंदरे, आम्हीपण ऐकून घेतलं गं. माना हलवल्या." सुंदराबाईंनी पदर डोक्यावर नीट केला.

मग काम सुरू झाले. पहार आणि कुदळ घेऊन दोन गडी आले होते. कण्हेरीची मुळे खोल गेली होती. एकेका बुंध्यासाठी हातभर माती उकरावी लागली. बापूरावांनी चार फूट खोल खड्डा आधीच खणून घेतला होता. बुंधे, फांद्या, पाने, फुले, सगळे त्यात गेले आणि वर मुरूम पडला. दुपारी दोनपर्यंत कुंपणाच्या जागी मोकळी, तांबूस मातीची पट्टी उरली, आणि जिथे वर्षानुवर्षे फक्त चेहरा दिसत होता, तिथे सुंदराबाई पायांपर्यंत दिसू लागल्या. त्या सकाळपासून तिथून हलल्या नव्हत्या.

गडी गेल्यावर त्यांनी ती पट्टी ओलांडली. बापूरावांच्या आवारात त्या किती वर्षांनी अशा सरळ, फाटकाचा वळसा न घेता आल्या, हे मोजण्याचा मोह बापूरावांनी आवरला. मुक्ताबाई चहा घेऊन पुढे झाल्या. सुंदराबाईंनी हाताने नको म्हटले. गोठ्यातही त्या गेल्या नाहीत. त्या मातीच्या पट्टीत वाकल्या आणि ढेकळाखालून एक लांबट, अर्धे वाळलेले पान काढले. मग दुसरे काढले. मग डहाळीचा बोटभर तुकडा.

"ह्ये काय हाय?"

"राहिलं असेल एखादं," बापूराव म्हणाले.

"एखादं न्हाई. मातीत मिसळल्यात. कुदळीनं वरची खाली झाली." त्यांनी आणखी चार पाने वेचून पदरात घेतली. "पिल्लू आदी नाक लावतं, मग जीभ. मोकळी माती दिसली की तिथंच जाणार. कुंपण गेलं, म्हणून इख गेलं असं समजू नगा."

"मग काय करायचं?"

"ह्यो सगळा पट्टा हातानं चाळाया पायजे. मग पानी मारून ऱ्हाऊ द्यायचा. तळचं पान वर येतं. पुन्ना येचायचं. बुंध्याचं मूळ ऱ्हायलं असंल तर फुटवा येतो, त्यो बघाया लागंल. उद्या पिल्लं आणू नगा."

"किती दिवस लागतील?"

सुंदराबाईंनी मान वर करून दिराकडे पाहिले. "तुमाला लगी आकडा पायजे. म्या कसा सांगू? माती सांगंल तवा सांगीन."

बापूरावांनी मान हलवली. मुक्ताबाईंनी चहाचा कप पायरीवर ठेवला, साडीचा ओचा खोचला आणि त्याही पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. पान कोणते आणि काडी कोणती, हे त्या जावेला विचारत होत्या, आणि सुंदराबाई तुटक शब्दांत सांगत होत्या.

बापूरावांनी जरा बाजूला होऊन संगमनेरला फोन लावला. टेम्पो उद्या नको, असे सांगितल्यावर पलीकडचा माणूस वैतागला. गाडी ठरली आहे, पिल्ले निवडून वेगळी बांधली आहेत, आता ऐन वेळी हे काय, असे त्याने सुनावले. मग त्याने विचारले, "बरं, मग कोणत्या तारखेला पाठवू? नक्की सांगा."

"नक्की मला सांगता येणार नाही," बापूराव म्हणाले.

"अहो, मग कोण सांगणार?"

"आमच्या वहिनी. त्यांनी सांगितलं, की मी तुम्हाला कळवतो."

फोन बंद करून ते पट्टीकडे आले. बसायला कुठे जागा आहे ते त्यांनी पाहिले. वहिनींपासून दोन हात सोडून ते गुडघे धरत मातीत बसले आणि ढेकळे फोडू लागले. सुंदराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "वरवर नगा करू. खाली हात घाला." बापूरावांनी बाह्या वर केल्या आणि मनगटापर्यंत हात मातीत घातला.